छातीवरचं बोट

इंगळे साहेब दाढी कोरडी करायचे. साबण नाही, पाणी नाही, आरसासुद्धा नाही. उजव्या हातात वस्तरा आणि डाव्या हाताची बोटं पुढं चाचपत चाललेली. ती खरखर शेजारच्या तंबूत मला ऐकू यायची आणि सकाळी सकाळी अंगावर काटा यायचा. जवळ पाण्यानं भरलेली बादली असली तरी साहेब तिच्याकडं बघायचे नाहीत. एकदा मी धीर करून विचारलं. तेव्हा गालावरचं रक्त अंगठ्यानं पुसत म्हणाले, "लढाईत पानी नसतंय, निपाणी. तवा शिकायचं ते आत्ताच शिकलेलं बरं."

मी त्यांच्या कंपनीचा बाबू, म्हणजे लिहिणारा. त्याआधी निपाणीच्या एका तंबाखूच्या वखारीत कारकून होतो. दिवसभर शिंका देऊन देऊन जीव नकोसा झाला, तेव्हा बेळगावला जाऊन भरती झालो. मोठं युद्ध चालू होतं आणि त्यांना माणसं हवी होती. पुढं छत्री पलटणीत, म्हणजे विमानातून छत्रीनं उड्या मारणाऱ्यांत, कोण येतो असं विचारलं, तेव्हाही नेमकी मला शिंक आली आणि हात वर गेला. माझ्या आयुष्यातले बहुतेक निर्णय असेच झालेले आहेत.

साहेबांची दुसरी खोड म्हणजे ते कोणालाही नावानं हाक मारत नसत. गावानं मारत. मी निपाणी. मशीनगनवरचा काळा, अबोल गडी कणकुंबीचा, म्हणून तो कणकुंबी. कोणी हिंडलगा, कोणी येळ्ळूर. त्यांचं म्हणणं असं, की कंपनीत परशराम बारा आणि मारुती सोळा, हाक मारली तर निम्मी पलटण उभी राहील. स्वतः साहेब टिळकवाडीतल्या वकिलाचे चिरंजीव. घरात पुस्तकी मराठी आणि मेसमध्ये इंग्रजी. पण आमच्याशी बोलताना गावाकडची भाषा वापरायचे, आणि ‘न्हाय’ म्हणायचे ते आमच्यापेक्षा जरा जास्तच जोरात. पोरं मागं हसायची. पण हसणं वेगळं आणि भिणं वेगळं. भीत सगळेच होते.

उचगावचे मात्र दोघे होते, सख्खे भाऊ. त्यांना साहेब ‘थोरलं उचगाव’ आणि ‘धाकटं उचगाव’ म्हणायचे. थोरला परशराम, धाकटा मारुती. दोघांनाही लिहिता-वाचता येत नव्हतं, त्यामुळं त्यांच्या आईची पत्रं मी वाचून दाखवायचो. ती गावातल्या मास्तरांकडून लिहून घ्यायची. भात कापून झालं, म्हैस व्याली, असं काहीबाही असायचं, आणि शेवटी दरवेळी थोरल्यासाठी तेच वाक्य: ‘धाकट्याकडे बघ. तो भूक काढतो, पण त्याला तहान काढता येत नाही.’ मी ते वाचलं की थोरला धाकट्याच्या पाठीत धपाटा घालायचा आणि म्हणायचा, "ऐकलंस न्हवं? आता पानी मागशील तर मारीन." आणि मग स्वतःची बाटली त्याच्या हातात द्यायचा.

ही गोष्ट साहेबांना ठाऊक होती. म्हणूनच असेल, पण एकदा बारा कोस चालवल्यावर त्यांनी सगळ्यांना उभं केलं आणि बाटल्या उलट्या करायला लावल्या. हुकूम असा होता, की वाटेत घोटभरही प्यायचं नाही. सगळ्यांच्या बाटल्यांतून पाणी आलं, धाकट्याच्या बाटलीतून चार थेंब आले. थोरला लगेच पुढं झाला, "साहेब, मी प्यालो त्याचं." साहेबांनी त्याच्याकडं पाहिलंसुद्धा नाही. धाकट्याला मध्ये उभं केलं, बाकीच्यांना त्याच्याभोवती बसवलं आणि सांगितलं, "आता प्या. सावकाश प्या. त्यानं बघू दे." आम्ही प्यायलो. मीही प्यायलो. पाणी इतकं गोड मला आधी कधी लागलं नव्हतं, आणि त्याची लाज मला आजही वाटते. धाकटा ओठ चाटत उभा होता. साहेब त्याच्याजवळ गेले आणि हळू आवाजात म्हणाले, "मी तुला खोटं सांगनार न्हाय, उचगाव. तुझ्यापायी दुसरं कोनतरी मरनार हाय."

आता याच माणसाची तिसरी खोड सांगतो. ती सांगितल्याशिवाय आम्ही त्यांच्यामागं का गेलो हे कळायचं नाही.

उडी मारण्याचं शिक्षण आम्हाला रावळपिंडीकडं मिळालं. विमानाच्या तळाला भोक पाडलेलं असायचं, त्यात पाय सोडून बसायचं आणि खूण झाली की सुटायचं. पाठीवर एकच छत्री. ती उघडली नाही तर दुसरी नसायची. आणि ती घडी घातलेली असायची तिसऱ्याच कोणीतरी, ज्याचं तोंड आम्ही कधी पाहिलं नव्हतं. तो त्या दिवशी बायकोशी भांडून आला होता का, हे कोणाला माहीत? एकदा आमच्यासमोर एकाची छत्री उघडली नाही. त्यानंतर रोज कोणाला ना कोणाला भोकापाशी कापरं भरू लागलं.

तेव्हा साहेबांनी एक चाल सुरू केली. विमान वर गेलं की ते ओळीतून फिरायचे आणि एकच शब्द विचारायचे, "शंका?" ज्याला आपल्या छत्रीबद्दल शंका असेल त्यानं बोलायचं नाही, फक्त छातीवरच्या पट्ट्याला बोट लावायचं. साहेब तिथल्या तिथं आपली छत्री उतरवून त्याला द्यायचे, त्याची स्वतःच्या पाठीवर चढवायचे आणि त्या छत्रीनं सगळ्यांच्या आधी उडी मारायचे. हसणं नाही, रागावणं नाही. थोरल्या उचगावानं असं एकदा बोट लावलं. स्वतःच्या छत्रीसाठी नव्हे; धाकट्याची छत्री त्यानं आधीच बदलून घेतली होती आणि आता त्याच छत्रीचं त्याला भय वाटत होतं. साहेबांनी ती घेतली आणि उडी मारली. छत्री अर्धवट उघडली. साहेब दगडासारखे आले, डावा पाय मोडला. आम्ही धावत गेलो तर पडल्या पडल्या थोरल्याला म्हणतात, "तुझी शंका खरी व्हती रं." त्या दिवसापासून थोरला साहेबांना देव मानू लागला. मला विचाराल तर सगळी कंपनीच मानू लागली. ज्याच्या पाठीवर आपलं मरण एकदा चढवून पाहिलं आहे, त्याच्या हुकमाला माणूस नाही म्हणत नाही.

इतक्या उड्या मारायला शिकून लढाईवर आम्ही गेलो ते चालत. ब्रह्मदेशाच्या सरहद्दीवर, डोंगरामागून डोंगर. जपानी अचानक पुढं आले आणि आम्हाला एका टेकडीवर जाऊन बसायचा हुकूम आला. मागच्या लोकांची तयारी होईपर्यंत ती सोडायची नव्हती. टेकडीवर सगळं होतं, फक्त पाणी नव्हतं. ओढा खाली होता, आणि खाली जपानी होते.

पहिल्याच दिवशी साहेबांनी सांगितलं, "हुकमाशिवाय काटेरी तारेपल्याड जाईल त्याला जपानी मारायच्या आधी मी मारीन. खोटं सांगत न्हाय."

तिसऱ्या दिवशी धाकट्याच्या पोटात गोळी लागली. त्याला मशीनगनच्या मागच्या चरात निजवला, माझ्या शेजारी. चौथ्या दिवशी सकाळी साहेब दाढी करून आले, गालावर रक्ताचे ठिपके, आणि म्हणाले, "बाटल्या आना. सगळ्यांच्या. जखमींच्यापन."

मशीनगनच्या नळीभोवती पाण्याची टाकी असते. सतत गोळ्या झाडल्या की पाणी उकळून आटतं आणि पाणी संपलं की ती बंद पडते. लघवी घालून झाली होती, पण ज्याला प्यायला पाणी नाही त्याला लघवी तरी कुठून होणार? साहेब स्वतः धाकट्याजवळ आले. डॉक्टरांनी सांगितलं होतं, की पोटात गोळी असलेल्याला पाणी द्यायचं नाही. साहेबांनी ते कारण सांगितलं असतं तर कोणी ब्र काढला नसता. पण नाही. त्याच्या उशाखालची बाटली काढून घेत ते म्हणाले, "मशीनगनला पायजे."

"साहेब, एक घोट," धाकटा म्हणाला.

"न्हाय."

कणकुंबीनं ते पाणी धाकट्याच्या डोळ्यांसमोर टाकीत ओतलं. ओतताना थोडं बाहेर सांडलं. साहेबांनी त्याच्या कानफटात मारली.

त्याच सकाळी विमान आलं. छत्र्यांना बांधून त्यानं पेट्या टाकल्या. तांबड्या छत्रीखाली दारूगोळा, पांढऱ्या छत्रीखाली धान्य आणि निळ्या छत्रीखाली पाणी, हे आम्हाला शिक्षणात साहेबांनीच पाठ करून घेतलं होतं. ‘निळी म्हंजे पानी. डोळं झाकून.’ विमान फार उंचावरून गेलं. जवळजवळ सगळ्या छत्र्या जपान्यांकडं वाहत गेल्या. एकच निळी छत्री आमच्या तारेपासून दोनशे पावलांवर, उतारावरच्या झुडपात अडकली.

दोनशे माणसं त्या निळ्या कापडाकडं बघत होती. थोरल्यानं एकदा धाकट्याकडं पाहिलं आणि कोणाला काही कळायच्या आत तारेखालून गेला.

तो छत्रीपर्यंत पोचला. दोऱ्या कापल्या आणि पेटी चढावर ओढायला लागला. जपान्यांनी त्याला तीसेक पावलं ओढू दिली. मग त्याचे दोन्ही गुडघे फोडले आणि थांबले. पुढची गोळी त्यांनी मारलीच नाही. एक मेलेला त्यांच्या उपयोगाचा नव्हता, ओरडणारा होता.

तो ओरडू लागला. आधी आई, बाप, देव, सगळे झाले. हिंडलगा त्याला आणायला गेला आणि तारेपाशीच पडला. त्याच्यामागून येळ्ळूर गेला, तो दहा पावलांवर पडला. कणकुंबी मशीनगन सोडून उठला, तेव्हा साहेबांनी त्याच्या कपाळाला पिस्तूल लावलं, "बस." तो बसला. त्याच्या डोळ्यांत जे होतं ते जपान्यांसाठी नव्हतं.

मग थोरला ओरडायचा थांबला. पेटीला टेकून बसला, आमच्याकडं तोंड केलं आणि छातीला बोट लावलं.

"साहेब!" त्यानं हाक मारली. "बदलून द्या वो, साहेब!"

आम्हा सगळ्यांना ती खूण माहीत होती. साहेबांना तर होतीच. मी त्यांच्याकडं पाहत होतो, आणि खरं सांगतो, ते उठून जातील असं मला वाटलं. ते गेले असते तर मशीनगनवर कोणी राहिलं नसतं, अर्धी कंपनी त्यांच्यामागं उतरली असती आणि दुपारपर्यंत टेकडी गेली असती. हे मला आज कळतं. त्या वेळी मी मनात म्हणत होतो, जा की, जा की.

साहेब म्हणाले, "निपाणी, तुझी रायफल दे."

मी दिली. त्यांनी एकच गोळी झाडली. थोरल्याचं बोट तिथंच राहिलं, मग हात खाली घसरला. साहेबांनी रायफल माझ्याकडं परत दिली आणि म्हणाले, "साफ करून ठेव."

धाकट्याला सगळं ऐकू गेलं होतं, पण दिसलं काही नव्हतं. त्यानं विचारलं, "अण्णा पानी घिऊन आला व्हय?"

साहेबच म्हणाले, "न्हाय येत तो."

दुपारी जपानी चढून आले तेव्हा मशीनगन चालली. शेवटपर्यंत चालली. तिच्या टाकीत धाकट्याचं पाणी होतं म्हणून मी हे लिहायला जिवंत आहे. ती चालत असताना तिच्या नळकांडीतून वाफ येत होती आणि धाकटा त्या वाफेकडं बघत बघत मेला.

दुसऱ्या दिवशी आम्ही तो उतार परत घेतला आणि पेटी उघडली. आत आटा होता. मळायला ज्याला पाणी लागतं तो आटा. तिकडं तळावर कोणाकडं पांढऱ्या छत्र्या संपल्या असतील, निळ्या उरल्या असतील, त्यानं लावून दिली. कणकुंबी हसायला लागला आणि त्याला थांबता येईना. साहेबांनी मूठभर आटा उचलला, बोटांतून गळू दिला आणि म्हणाले, "पेटी वर घ्या." त्या एका वेळी त्यांच्या तोंडून ‘डोळं झाकून’ हे शब्द निघाले असते तर मी त्यांना काय केलं असतं, सांगता येत नाही.

टेकडी सांगितली तेवढे दिवस आम्ही धरली. आमच्यामुळं मागचे लोक वाचले असं नंतर मोठे साहेब म्हणाले, आणि ते खरंच असावं. इंगळे साहेबांना मेजर केलं आणि शौर्याचं पदक दिलं. त्याच्या कागदात लिहिलं होतं, की त्यांनी बिकट प्रसंगी असामान्य शिस्त राखली. कागद मीच त्यांना वाचून दाखवला. त्यांनी तो घडी घालून खिशात ठेवला आणि वस्तरा परजायला घेतला.

मेलेल्यांच्या घरी पत्रं मी लिहिली. उचगावच्या पत्रात लिहिलं, ‘दोघांनाही शत्रूची गोळी लागून जागीच मरण आले. त्रास झाला नाही.’ सहीसाठी नेलं, तेव्हा साहेबांनी ते दोनदा वाचलं आणि सही केली. माझ्या माहितीत त्यांचं हे पहिलं खोटं.

लढाई संपून वर्ष झालं. मी पुन्हा वखारीत शिंका देत बसलो होतो. एक दिवस दारात साहेब. साध्या कपड्यांत, डावा पाय किंचित ओढत, गाल कापलेले. "निपाणी, चल. उचगावला जायचंय."

"कशाला, साहेब?"

"तिला खरं सांगायचंय."

मी वाटेत नाना परींनी सांगून पाहिलं. म्हातारी कशीबशी सावरली असेल, तिला कशाला पुन्हा कापता? तुमच्या मनाचं ओझं तिच्या डोक्यावर कशाला? हे शेवटचं मी जरा तोंड वर करून बोललो. साहेब नुसते मोटारीच्या खिडकीबाहेर बघत राहिले.

दोघांच्या आईचं, यल्लूबाईंचं, घर लहान, सारवलेलं. एकट्याच होत्या. पलटणीतले आलेत म्हटल्यावर त्यांनी घोंगडं टाकलं आणि आमच्यापुढं गुळाचा खडा आणि पाण्याचा तांब्या ठेवला. दारी आलेल्याला आधी गूळपाणी, मग बोलणं. मी प्यायलो. साहेबांनी तांब्याला हात लावला नाही. पाठ ताठ करून बसले आणि सगळं सांगितलं. हळू, एकही शब्द न गाळता. ‘तुमच्या थोरल्याला मी मारलं’ हे त्यांनी आमच्या बोलीत नव्हे, शुद्ध मराठीत सांगितलं. निळी छत्री सांगितली, आटाही सांगितला. धाकट्याच्या बाटलीपाशी मात्र अजून पोचायचे होते.

यल्लूबाई गुडघ्यांभोवती हात गुंफून ऐकत होत्या. मला वाटलं शिव्या देतील, छाती बडवतील. तसं काही झालं नाही. साहेब श्वास घ्यायला थांबले, तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं,

"माझ्या धाकट्याला पानी मिळालं?"

घरात कोंबडी शिरली होती, तिच्या नख्यांचा आवाज येत होता.

"व्हय," साहेब म्हणाले.

"कुनी दिलं?"

"मी दिलं. माज्या हातानं."

बाईंनी साहेबांकडं पाहिलं नाही, माझ्याकडं पाहिलं. मी मान हलवली. त्या बराच वेळ माझ्याकडं बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "मग थोरला सुटला बिचारा." आणि तांब्या साहेबांपुढं सरकवला. "प्या. घरातनं कुनी तान्हेला गेलेला न्हाय आजवर. प्या, आन जावा. परत हितं येऊ नका."

साहेबांनी तांब्या उचलला आणि सगळा संपवला. मधे थांबले नाहीत.

गावाबाहेर आल्यावर ते बांधाशी वाकले आणि ते सगळं पाणी ओकून टाकलं. मी लांब उभा राहिलो. पाठीवरून हात फिरवावा असं मला वाटलं, आणि फिरवू नये असंही वाटलं. मग आम्ही सडकेवर आलो. आंब्याच्या झाडाखाली मोटारीची वाट बघत उभे राहिलो. दुपारचं ऊन होतं आणि साहेबांच्या गालावरच्या खपल्या दिसत होत्या.

लांबून मोटारीचा धुरळा दिसायला लागला. मी वळून बघितलं तर साहेब माझ्याकडंच बघत होते. त्यांनी उजवा हात वर आणला आणि छातीला बोट लावलं. बोट तसंच ठेवून उभे राहिले.

मला ती खूण कळली. मला न कळायला काय झालं होतं?

"मोटार आली, साहेब," मी म्हणालो, आणि पुढं होऊन हात दाखवला.